घटक ५ : येऊ घातलेले अरिष्ट आणि साहित्य-कला – वऱ्हाडच्या संदर्भात

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• भाकीत, इशारा आणि चाहूल या तीन संकल्पनांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• अरिष्ट येण्यापूर्वीचा काळ साहित्यात व कलांमध्ये कसा व्यक्त होतो, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• ‘शेतकऱ्याचा असूड’, गाडगेबाबांचे कीर्तन, ‘बारोमास’ ही कादंबरी आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट यांचा तौलनिक विचार करता येईल.
• एखादी साहित्यकृती इशारा म्हणून कितपत परिणामकारक आहे, हे तपासण्याचे निकष मांडता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ग्रामीण साहित्याच्या प्रेरणा अभ्यासल्या. प्रस्तुत घटकात त्याच साहित्याकडे एका वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. दुष्काळ, कर्जबाजारीपणा, नापिकी यांची वर्णने मराठीत विपुल आहेत. परंतु संकट कोसळल्यानंतरचे वर्णन आणि संकट कोसळण्यापूर्वीचे लेखन यांत मूलभूत फरक असतो. पहिले लेखन साक्ष देते, तर दुसरे जागे करू पाहते. दुसऱ्या प्रकारच्या लेखनाचा विचार आपल्याकडे तुलनेने कमी झाला आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे. काही वर्षांपूर्वी बाळापूर येथील एका संपर्क सत्रात ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवीत होतो. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर, किल्ल्याच्या सावलीत वसलेल्या या गावी सत्राला येणाऱ्यांत शेती करणारे विद्यार्थी बरेच असतात. त्यांपैकी एक, माझ्याच वयाचे गृहस्थ, मागच्या बाकावरून उठून म्हणाले, “सर, हे समदं पुस्तकात पयलेच लिवलं होतं, तं मंग झालं कसं?”

त्या दिवशी मी काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही आणि मलाही नाही. हा घटक म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. सगळे आधीच लिहिलेले असताना घडायचे ते घडतेच कसे? आणि घडतेच, तर त्या लिहिण्याचा उपयोग काय? घटक वाचताना हे दोन प्रश्न आपण सतत डोळ्यांसमोर ठेवावेत.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ अरिष्टाची भाषा : भाकीत, इशारा, चाहूल

साहित्याकडे वळण्यापूर्वी शब्दांकडे पाहू. न आलेल्या संकटाविषयी बोलताना मराठी भाषक जे शब्द वापरतो, त्यांतच या विषयाची गुरुकिल्ली आहे.

‘संकट’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘अरुंद, कोंडलेली जागा’ असा आहे. जिथून निसटायला वाट नाही, ते संकट. पण संकट अद्याप दूर असते तेव्हा त्याच्यासाठी आपण वेगळे शब्द योजतो. ‘सावट’ हा शब्द डोळ्यांचा आहे. वस्तू दिसत नाही, तिची सावली दिसते. ‘चाहूल’ हा शब्द कानांचा आहे; माणूस दिसत नाही, पाऊल वाजते. दोन्ही शब्दांत जवळ येणारी गोष्ट स्वतः अनुपस्थित आहे, फक्त तिची खूण उपस्थित आहे.

आता वाक्यरचना पाहा. ‘यंदा पाऊस दगा देईल’ हे भाकीत झाले. बाळापूरच्या बाजारात हेच वाक्य ‘यंदा पानी दगा देईन’ असे ऐकू येईल. प्रमाण मराठीत तृतीय पुरुषी एकवचनी भविष्यकाळाचा प्रत्यय ‘-ईल’ आहे, तर वऱ्हाडीत तेथे ‘-ईन’ येतो. प्रत्यय कोणताही असो, वाक्याचा स्वभाव एकच आहे : जे होणार ते सांगून टाकणे. याउलट ‘बांध घाल, नाहीतर माती वाहून जाईल’ हे वाक्य भाकीत नाही. तो इशारा आहे. त्यातील ‘नाहीतर’ हा एकच शब्द ऐकणाऱ्यासाठी दोन वाटा उघडतो. भाकितात ऐकणाऱ्याला जागा नसते. इशाऱ्यात ती असते, किंबहुना ऐकणाऱ्यावाचून इशारा पूर्णच होत नाही.

यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. भाकिताचे यश ते खरे ठरण्यात असते. इशाऱ्याचे यश तो खोटा ठरण्यात असते. बायबलमधील योना या संदेष्ट्याची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. चाळीस दिवसांत निनवे नगरी नष्ट होईल, असे तो सांगतो. त्याच्या बोलण्यात ‘नाहीतर’ नाही. पण नगरवासी ते इशारा म्हणून ऐकतात, वर्तन सुधारतात आणि नगर वाचते. योना मात्र आपला शब्द खोटा पडला म्हणून रागावतो. ग्रीक पुराणकथेतील कॅसांड्रा ही त्याच्या नेमकी उलट आहे. तिला भविष्य अचूक दिसते, परंतु तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असा शाप तिला आहे. तिचा प्रत्येक शब्द खरा ठरतो आणि ट्रॉय नगरी जळते. लेखकाने कोणाचे भाग्य इच्छावे, योनाचे की कॅसांड्राचे? आपल्या वर्गातील प्रश्नाचे मूळ येथे आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले की, काही वाक्ये केवळ माहिती देत नाहीत, ती स्वतःच कृती असतात. वचन देणे, क्षमा मागणे, इशारा देणे या अशा भाषिक कृती होत. कोणतीही भाषिक कृती साध्य होण्यासाठी अनुकूल परिस्थिती लागते. या विचाराच्या आधारे आपण साहित्यातील इशाऱ्यासाठी तीन निकष ठरवू :
(१) इशारा कोणाला दिला आहे?
(२) तो कोणाच्या भाषेत दिला आहे?
(३) तो ऐकणाऱ्याच्या हातात काय ठेवतो?

पुढील सर्व उदाहरणे आपण या तीन निकषांवर तपासणार आहोत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘सावट’ आणि ‘चाहूल’ या शब्दांतील फरक कोणता?
(आ) ‘इशाऱ्याचे यश तो खोटा ठरण्यात असते’ या विधानाचा अर्थ सांगा.

५.३.२ भाकीत : भेंडवळची घटमांडणी

येणाऱ्या वर्षाविषयीची चिंता लोकपरंपरेने अनेक रूपांत बोलून दाखवली आहे. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेली पाऊसपाण्याची भाकिते, पावसासाठी दारोदार जाणाऱ्या धोंडीची गाणी, ‘पेरते व्हा’ असे सांगणारा म्हणून ओळखला जाणारा पावशा पक्षी ही त्यांची काही उदाहरणे. वऱ्हाडातील सर्वांत ठळक उदाहरण मात्र बुलडाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात असलेल्या भेंडवळ या गावचे आहे.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी गावाबाहेरील शेतात गोलाकार घट आखला जातो. त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवली जातात. ही ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर खाद्यपदार्थ, जवळ विडा-सुपारी अशी मांडणी असते. रात्रभर तेथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घटातील बदल पाहून पाऊस, पिके, रोगराई, इतकेच नव्हे तर देशाची राजकीय व आर्थिक स्थिती यांविषयीचे भाकीत जाहीर होते. वाघ घराण्याकडे चालत आलेली ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगितले जाते. ते ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी येतात.

या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यांवर घेतलेले आक्षेप योग्यच आहेत. बियाणे कोणते घ्यावे आणि पेरणी केव्हा करावी, याचा निर्णय धान्याच्या दाण्यांच्या हालचालीवरून करणे धोक्याचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र येथे एक चिन्हव्यवस्था दिसते. ढेकूळ म्हणजे महिना, विडा म्हणजे सत्ता. ज्यावर आपला ताबा नाही असे संपूर्ण वर्ष एका वर्तुळात मांडून नजरेच्या टप्प्यात आणण्याची ही धडपड आहे. कलेचे एक आद्य कार्य हेच नव्हे काय? आकार नसलेल्या भयाला आकार देणे.

आपले निकष लावून पाहू. हे भाकीत ज्याला भोगावयाचे आहे त्यालाच सांगितले जाते. ते त्याला परिचित असलेल्या वस्तूंच्या भाषेत असते. पहिल्या दोन निकषांवर ते पूर्ण उतरते. तिसऱ्या निकषावर मात्र ते कोसळते. पाऊस कमी ‘होईल’ एवढेच ते सांगते. ‘नाहीतर’ सांगत नाही. कर्जाचा दर, कापसाचा भाव, विहिरीचे पाणी यांविषयी काय करता येईल, हे घटात मांडलेले नसते.

५.३.३ इशारा : ‘शेतकऱ्याचा असूड’

‘काय होईल’ याकडून ‘का होते आणि काय केले तर टळेल’ याकडे जाणारे आधुनिक मराठीतील पहिले मोठे लेखन म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३). त्याची पार्श्वभूमी पश्चिम महाराष्ट्राची आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. म्हणजे फुले एका संकटानंतर लिहीत होते. पण त्यांची नजर पुढच्या संकटावर होती.

ग्रंथाची रचना ध्यानात घ्यावी. आरंभीच्या काही ओळींतच कारणांची साखळी येते आणि तिचे मूळ विद्येच्या अभावात दाखवले जाते. नंतर धर्माच्या नावाने होणारी लूट आणि सरकारी अंमलदारांकडून होणारी नागवणूक यांची चिकित्सा येते. चौथ्या प्रकरणात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घराचे, त्यातील वस्तूंचे व माणसांचे अत्यंत बारकाईने वर्णन येते. निराश होऊन घरी परतलेल्या शेतकऱ्याचे स्वतःशी चाललेले बोलणे तेथे ऐकू येते. आणि अखेरच्या प्रकरणात उपाय येतात : शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण, जनावरांची निगा, बंधारे व तळी बांधून पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे. पलटणीतील शिपाई आणि पोलीस यांना मोकळ्या वेळी या कामावर लावावे, असेही ते सुचवतात.

हा ग्रंथ तिसऱ्या निकषावर पूर्ण उतरतो. ऐकणाऱ्याच्या हातात तो काहीतरी ठेवतो. दुसऱ्या निकषाकडेही त्याचे लक्ष आहे : त्याची भाषा बोलण्याची, चिडण्याची, मध्येच उपरोध करण्याची आहे. शीर्षकातील ‘असूड’ हे शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातातले साधन आहे. अडचण आहे ती पहिल्या निकषाची. ज्याच्याविषयी हे लिहिले तो शेतकरी बहुतांशी निरक्षर होता आणि ज्यांना वाचता येत होते त्यांपैकी अनेकांना ते वाचावयाचे नव्हते. पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ पत्रात प्रसिद्ध झाली; पुढचा भाग छापण्यास संपादक धजले नाहीत. ही कोंडी फुले यांना ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी गावोगावी हा मजकूर लोकांना वाचून दाखवला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला.

याच काळात वऱ्हाडात काय चालले होते? १८५३ पासून हा प्रदेश निजामाच्या नावाखाली पण इंग्रजांच्या कारभारात होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला अभूतपूर्व मागणी आली. त्याच दशकात आगगाडी वऱ्हाडात पोहोचली. कापसाचे गठ्ठे मुंबईकडे जाऊ लागले. पैसा खेळू लागला. तसेच पोट बाजारभावावर अवलंबून राहू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडला गाठले तेव्हा ‘असूड’ लिहून होऊन वीस वर्षेही उलटली नव्हती. इशारा खरा ठरला. म्हणजेच, आपल्या व्याख्येनुसार, तो अयशस्वी ठरला.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) भेंडवळचे भाकीत कोणत्या निकषावर अपुरे पडते?
(आ) ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाण्यासंबंधी कोणता उपाय सुचवला आहे?

५.३.४ वाचता न येणाऱ्यांसाठी इशारा : गाडगेबाबांचे कीर्तन

फुले यांच्यापुढील अडचण पुढच्या पिढीत वऱ्हाडातीलच एका माणसाने आपल्या पद्धतीने सोडवली. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे या आजोळी गेले. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली होती. कर्ज हे त्यांच्या कीर्तनात वारंवार येते, ते या अनुभवामुळे.

कीर्तन हा प्रकार मराठी श्रोत्याला शतकानुशतके परिचित होता. बाबांनी त्याचा साचा घेतला आणि आत वऱ्हाडी बोली भरली. त्याहून महत्त्वाचा बदल वाक्यरचनेत होता. त्यांचे कीर्तन प्रामुख्याने प्रश्नांनी पुढे सरकते. कर्ज काढून सण साजरा करावा का, नवसासाठी बकरे कापावे का, पोराला शाळेत घालावे की नाही, असे प्रश्न ते समुदायाला विचारीत आणि उत्तर समुदायाकडूनच वदवून घेत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. विधान ऐकून घेता येते. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. शेकडो लोकांसमोर ‘नाही’ म्हणणारा श्रोता हा केवळ श्रोता राहत नाही. त्याने एक प्रकारे जाहीर वचन दिलेले असते. इशारा देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर येथे नाहीसे होते.

निकष लावले असता : इशारा भोगणाऱ्यालाच दिलेला आहे, त्याच्याच बोलीत आहे आणि त्याच्या हातात करता येण्याजोगी गोष्ट ठेवणारा आहे. मर्यादाही नोंदवली पाहिजे. कर्ज काढू नका, हे सणाच्या कर्जाबाबत योग्य आहे. बियाण्याच्या कर्जाबाबत ते पुरेसे नाही. व्यक्तीच्या वर्तनाने टळू शकणारे संकट आणि व्यवस्थेने टाळावयाचे संकट यांतील सीमारेषा कीर्तन ओलांडू शकत नाही. ‘असूड’ ती ओलांडतो. म्हणून ही दोन उदाहरणे परस्परपूरक मानावीत.

५.३.५ चाहूल : ‘बारोमास’ आणि ‘गाभ्रीचा पाऊस’

विसाव्या शतकाच्या अखेरीस संकटाचे स्वरूप बदलले. दुष्काळाला निदान आरंभ आणि शेवट असतो. कापसाचा उत्पादनखर्च, पडलेला भाव, थकलेले कर्ज, सुशिक्षित मुलांची बेकारी यांतून जे उभे राहते त्याला तारीख नसते. अशा संकटाचा इशारा देणे कठीण. कारण ‘कधी’ याचे उत्तर ‘रोज’ असे असते.

सदानंद देशमुख हे बुलडाणा जिल्ह्यातील कादंबरीकार. पाण्यासाठी चाललेल्या गावाच्या तडफडीवर त्यांनी ‘तहान’ ही कादंबरी लिहिली होती. त्यानंतर २००२ साली ‘बारोमास’ प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. शिकलेला पण नोकरी नसलेला एकनाथ, त्याचे आईवडील, भाऊ आणि शेतीच्या संसारात रमू न शकणारी पत्नी अलका यांचे हे घर आहे. कादंबरीत एकच एक मोठा स्फोट नाही. घर थोडे थोडे खचत जाते. वाचक पुढच्या पानावर काय होईल याची वाट पाहतो आणि त्याच्या लक्षात येते की, जे व्हायचे ते मागच्या पानापासून होतच आहे.

शीर्षकाकडे पाहा. उत्तर भारतीय लोकपरंपरेत ‘बारहमासा’ हा बारा महिन्यांच्या ऋतुचक्राशी विरहिणीची व्यथा जोडणारा गीतप्रकार आहे. तिथे महिने बदलतात आणि प्रिय व्यक्ती परतण्याची आशा असते. ‘बारोमास’मध्ये महिने बदलतात, परंतु त्यांतून परत येण्यासारखे काही नाही. बाराही महिने चाललेले संकट, हा त्या एका शब्दाचा अर्थ आहे. तारखेवाचूनच्या संकटाला कादंबरीने असे नाव दिले.

कालक्रमही महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारने अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी विशेष मदतयोजना जाहीर केली ती २००६ साली. कादंबरी त्याच्या चार वर्षे आधीची आहे. शासनाच्या कागदावर जे नंतर आकड्यांत उमटले, ते कादंबरीत आधी एका घराच्या रूपात उमटले होते.

सतीश मनवर यांनी दिग्दर्शित केलेला ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा चित्रपट चाहुलीचाच आहे. शीर्षकातील पहिला शब्द ही वऱ्हाडात वैतागाने घातली जाणारी शिवी आहे आणि ती येथे पावसाला दिली आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर अलका आपल्या नवऱ्याकडे, किसनाकडे, धास्तावून पाहू लागते. त्याचे गप्प बसणे तिला भिववते. ती लहान मुलाला त्याच्या मागावर ठेवते, सासूला लक्ष ठेवायला सांगते, त्याला चांगलेचुंगले करून घालते. प्रेक्षकाला या पाळतीचे अधूनमधून हसू येते आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. येथे इशारा ऐकणारी व्यक्ती घरातली आहे, भाषा घरातली आहे. पण तिच्या हातात काय आहे? पाळत आणि स्वयंपाक. कर्ज, भाव आणि पाऊस यांपैकी काहीच नाही. तिचे प्रेम अपुरे नाही, साधने अपुरी आहेत. चित्रपट हे एकही भाषण न देता दाखवतो.

तुलनेसाठी बंगालकडे पाहू. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी १९७३ साली ‘अशनी संकेत’ हा चित्रपट केला. विषय १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचा. शीर्षकाचा अर्थ ‘वज्रपाताची खूण’ असा आहे, म्हणजे पुन्हा चाहूलच. दूर कुठेतरी युद्ध चालले आहे, आकाशातून विमाने जातात, तांदळाचा भाव वाढतो, मग तांदूळ दिसेनासा होतो. शेते मात्र हिरवी आहेत. चित्रपट संपतो तेव्हा दुष्काळ खऱ्या अर्थाने सुरू होत असतो. दोन्ही कलाकृतींत एक साम्य आहे : निसर्ग सुंदर दिसत असताना माणसांचे जगणे आतून पोखरले जाते. संकट दिसण्यासाठी ओसाड माळ दाखवावा लागत नाही, हे चांगल्या कलेला ठाऊक असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
(अ) ‘बारोमास’ या शीर्षकाचे ‘बारहमासा’ या गीतप्रकाराशी असलेले नाते सांगा.
(आ) ‘गाभ्रीचा पाऊस’मधील अलका तिसऱ्या निकषाच्या संदर्भात महत्त्वाची का ठरते?

५.३.६ ‘तं मंग झालं कसं?’

आता बाळापूरच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. आपल्या विवेचनातून त्याचे उत्तर असे निघते : इशारा खरा असून भागत नाही. ज्याला करता येण्यासारखे आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचावा लागतो. आणि ज्याच्यापर्यंत तो पोहोचतो त्याला काही करता यावे लागते. वऱ्हाडच्या बाबतीत हे दोन गट बहुधा वेगळे राहिले. सोसणाऱ्याला सारे ठाऊक होते, त्याच्या हातात काही नव्हते. ज्यांच्या हातात होते त्यांनी एक तर वाचले नाही किंवा वाचून ‘प्रभावी चित्रण’ असा अभिप्राय देऊन पुस्तक मिटले. हा दुसरा प्रकार आपल्यासारख्या साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावा. इशाऱ्याला केवळ कलाकृती म्हणून दाद देणे, हाही तो न ऐकण्याचाच एक मार्ग आहे.

मग उपयोग काय? दोन उपयोग निश्चित सांगता येतात. पहिला म्हणजे नाव देणे. ज्या त्रासाला नाव नाही तो ज्याचा त्याचा खासगी दोष वाटतो. शेती तोट्यात जाणाऱ्या माणसाला आपणच नालायक असे वाटत राहते. ‘असूड’ किंवा ‘बारोमास’ वाचल्यावर त्याला कळते की, हे एका घराचे दुर्दैव नसून एक रचना आहे. दुसरा उपयोग अंतर कमी करणे. शासकीय अहवालात ‘सहा जिल्हे’ असतात. कादंबरीत एक घर असते. जो निर्णय घेऊ शकतो त्याला त्या घरात काही तास बसवण्याचे सामर्थ्य फक्त साहित्यात व कलेत आहे. तो उठून काय करील, याची हमी साहित्य देऊ शकत नाही.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. बाळापूर ज्या पट्ट्यात येते तो पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. वर काळी कसदार माती आणि खाली खारे पाणी. विहीर खणली तरी पाणी पिण्यास व ओलितास योग्य असेलच असे नाही. हे संकट एका दिवशी कोसळत नाही, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. कुणाच्या तरी लेखनाची ते वाट पाहत आहे. आपल्यापैकी जे या पट्ट्यात राहतात, त्यांना या पाण्याची चव, त्याचे शब्द आणि त्यासाठीची पायपीट ठाऊक आहे. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला हे ज्ञान पुस्तकातून मिळणार नाही. पहिल्या दोन निकषांवर तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहात.

एक सूचना शेवटी. या घटकातील विषय काहींच्या घरापर्यंत पोहोचणारा आहे. वाचताना मन अस्वस्थ झाल्यास, किंवा जवळच्या कुणाच्या गप्प राहण्याची धास्ती वाटत असल्यास, अलकेप्रमाणे एकट्याने पाळत ठेवू नये. त्या व्यक्तीशी उघडपणे बोलावे, डॉक्टरांची मदत घ्यावी. शासनाच्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी उपलब्ध असतो.

५.४ सारांश

येऊ घातलेल्या अरिष्टाविषयीचे लेखन तीन रूपांत आढळते. भाकीत काय होईल ते सांगते. इशारा काय केले नाही तर होईल ते सांगतो. चाहूल जे सुरू झालेच आहे ते जाणवून देते. भेंडवळची घटमांडणी लोकांच्या भाषेत असली तरी त्यांच्या हातात काही ठेवत नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ कारणे व उपाय मांडतो, पण त्याला ऐकणारा मिळणे अवघड झाले. गाडगेबाबांच्या कीर्तनाने प्रश्नोत्तरांतून ऐकणाऱ्याला सहभागी केले, मात्र व्यवस्थेचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. ‘बारोमास’ व ‘गाभ्रीचा पाऊस’ यांनी तारीख नसलेल्या संकटाला नाव आणि घर दिले. साहित्य संकट टाळीलच असे नाही. परंतु ते संकट एकट्याचे नाही, ही जाणीव ते देते आणि सोसणारा व निर्णय घेणारा यांतील अंतर कमी करते.

५.५ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

भाषिक कृती : बोलण्यातूनच पार पडणारी कृती, उदा. वचन देणे, इशारा देणे.
चिन्हव्यवस्था : ठरावीक वस्तू वा खुणांनी ठरावीक अर्थ सूचित करणारी रचना.
अरिष्ट : मोठे संकट, अनर्थ.
खारपाणपट्टा : भूगर्भातील पाणी खारे असलेला प्रदेश.
ओलित : सिंचनाखालील शेती, शेतीला पाणी देणे.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) सावट दृष्टीशी, तर चाहूल श्रवणाशी निगडित आहे, दोन्हींत संकटाची केवळ खूण जाणवते. (आ) इशारा ऐकून लोकांनी योग्य कृती केल्यास संकट टळते, म्हणून सांगितलेली गोष्ट घडत नाही. तेच इशाऱ्याचे यश होय.
प्रश्न २ : (अ) तिसऱ्या, ते ऐकणाऱ्याच्या हातात उपाय ठेवत नाही. (आ) बंधारे व तळी बांधून पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे.
प्रश्न ३ : (अ) बारहमासात ऋतुचक्राबरोबर पुनर्भेटीची आशा असते, ‘बारोमास’मध्ये बाराही महिने संकटच असते. (आ) तिला संकटाची चाहूल लागलेली असूनही ते टाळण्याची साधने तिच्या हातात नाहीत.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) भाकीत आणि इशारा यांतील फरक योना व कॅसांड्रा यांच्या कथांच्या आधारे स्पष्ट करा.
(२) ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि गाडगेबाबांचे कीर्तन यांची या घटकातील तीन निकषांवर तुलना करा.
(३) ‘इशाऱ्याला केवळ कलाकृती म्हणून दाद देणे, हाही तो न ऐकण्याचाच एक मार्ग आहे.’ या विधानाशी आपण सहमत आहात का? सकारण लिहा.

५.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील साठ वर्षांवरील तीन व्यक्तींना भेटा. पाणी, पाऊस आणि नापिकी यांविषयी ते वापरतात ते शब्द व म्हणी त्यांच्याच उच्चारांप्रमाणे लिहून घ्या. ‘काळी माती’ असे न सुधारता ‘कायी माती’ ऐकू आल्यास तसेच लिहा. त्यांपैकी कोणते शब्द भाकिताचे, कोणते इशाऱ्याचे आणि कोणते चाहुलीचे, अशी वर्गवारी करा. सांगणाऱ्यांची परवानगी घ्या. ज्या घरात दुःखद घटना घडली आहे तेथे प्रश्न विचारू नका. त्यांनी आपण होऊन सांगितले तर शांतपणे ऐका आणि त्याची नोंद करू नका. अखेरीस आपल्या गावावर आज कोणते सावट आहे, असे आपल्याला वाटते, ते एका पानात लिहा. लिहिण्यापूर्वी एवढेच ठरवा : हे पान कोणाला वाचून दाखवायचे आहे?